झेंडूची माळ आणि माझा इंटरप्ट

मंचर, दसऱ्याचा दुसरा दिवस, २००३

आज दुधाच्या पिशव्या भलतीकडेच कापल्या जात होत्या. पिशवीच्या प्लास्टिक फिल्मवरची काळी खूण सेन्सरला दिसली की मशीन चालवणाऱ्या पीएलसीनं हातातलं सगळं टाकून आधी कटर चालवायचा, म्हणून मीच ते इनपुट इंटरप्टला जोडलेलं. तीन तास प्रोग्राम उसवत बसलो, पायाखाली दूध.

आणि निघालं काय? खंडेनवमीला ऑपरेटर धोंडीभाऊंनी मशीनला घातलेली झेंडूची माळ! सुकून सैल झालेली, पंख्याच्या वाऱ्यानं सेन्सरपुढं झुलत होती. प्रत्येक झोक्याला एक कट.

मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाले, "धोंडीभाऊ, उद्यापासून क्रेट धुवा."

पिशवीची लांबी भरल्याशिवाय खूण मानायची नाही, एवढी साधी अट मी घातली नव्हती, हे कोण सांगणार? माळ मात्र तत्परतेनं दाखवली. वा रे इंजिनिअर!

सकाळी आठलाच धोंडीभाऊ म्हणाले होते, "सायेब, ती माळ लई हालतीय, काढू का?"

मी मान वर न करता म्हणालो, "राव, कामात मधेमधे बोलू नका."

उद्या क्रेट कुणी धुवायचे, ते मॅनेजरना मीच सांगायला हवं. सांगेन ना?