शाळा सोडल्याचे कारण

बोरगाव (मेघे), वर्धा
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

चि. शाल्मली हिस,

आम्ही सगळे इथे बरे आहोत. थंडी यंदा लवकर उतरली. सुरभीमामीने माझी लोकरीची टोपी शोधून दिली, आणि ती घातली की मी निवृत्त माकडासारखा दिसतो असंही ऐकवलं. सून असावी तर अशी. गुडघा म्हणशील तर आहे तिथेच आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मधेच "असू दे हो नाना" म्हणतेस, आणि मला ते ऐकायची घाई होते. म्हणून कागद घेतला.

आज पहाटे एक आवाज ऐकला. म्हणजे ऐकला नाही, आठवला; या वयात दोन्हींत फारसं अंतर राहत नाही. चाळीस-पंचेचाळीस मुलं एका चालीत कविता म्हणतायत. शेवटची ओळ येते, सगळे थांबतात, आणि सगळे थांबल्यावर एक स्वर उरतो. एकटाच, लांब, नाकातून आल्यासारखा. मोहाच्या झाडाखाली दुपारी मधमाशी असते ना, दिसत नाही पण असते, तसा. मग तोही विरतो. खिडकीबाहेर तलाव, तलावापलीकडे साग, आणि मी खुर्चीत डोळे मिटून.

माझी ती सवय तुला माहीत आहे. कविता डोळे मिटूनच ऐकायची. तू लहानपणी माझ्या पापण्या बोटांनी उघडायचीस, "नाना, झोपला का?" म्हणून.

ती शाळा केळझरहून आत, तलावाकाठी. दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, पुढे कडुनिंब. त्र्याहत्तर साली मी तिथे रुजू झालो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि जगातली निम्मी दुःखं चालीवर म्हटली तर हलकी होतात अशी माझी समजूत होती. पुस्तकातल्या कविता पुरत नसत, म्हणून मी स्वतः रचायचो. एक अजून आठवते:

सागावरती ऊन उतरले, पिवळे झाले पान न पान,
झऱ्याकाठच्या दगडावरती बसले आहे कोण लहान?

फार थोर नाही. पण मुलांच्या तोंडी ती अशी काही उठायची की बांधावरून जाणारे बैलगाडीवाले कासरा ओढून उभे राहायचे.

त्याच वर्षी चांद्याकडच्या छावणीतून काही बंगाली कुटुंबं तलावाच्या मासेमारीसाठी आली. पूर्व बंगालातून आधीच एकदा उठून आलेले लोक. बांधाखाली त्यांनी झोपड्या घातल्या. त्यांची नऊ मुलं मी स्वतः जाऊन शाळेत आणली. हे सगळं मी तुला मोठ्या अभिमानाने सांगितलं आहे, आणि तुझ्या प्रबंधासाठीचा फॉर्म आला तेव्हा त्याच अभिमानाने भरूनही दिला. नऊपैकी आठ चौथी पास. एक मुलगी शाळा सोडून गेली. शाळा सोडल्याचे कारण: पालकांचे स्थलांतर. दिव्यांग मूल: एकही नाही.

तुझं परवाचं पत्र मी तीनदा वाचलं. दिल्लीतल्या तुझ्या निर्वासितांच्या वस्तीत तीनातलं एक मूल शाळेबाहेर आहे, आणि घरात बसलेल्या त्या मुलांत कुणाला नीट दिसत नाही, कुणाला चालता येत नाही, हे रजिस्टरात कुठेच नसतं, असं तू लिहिलंस. आणि पुढे लिहिलंस की, नाना, तुमची शाळा मी प्रकरणाच्या शेवटी घेते आहे, असंही होऊ शकतं याचं उदाहरण म्हणून. वीस तारखेला प्रकरण द्यायचं आहे.

शाल्मली, ते उदाहरण काढून टाक.

त्या मुलीचं नाव रेणुबाला. नऊ वर्षांची असेल. केस तेल लावून चप्प, अंगात भावाचा सदरा. तिची आई पहिल्या दिवशी तिला घेऊन आली. मला बंगाली येत नव्हतं, तिला मराठी. ती पुष्कळ वेळ काहीतरी सांगत होती, आणि सांगता सांगता मुलीच्या कानाला पुन्हा पुन्हा हात लावत होती. त्या काळी प्रत्येक बाप पोराला शाळेत आणून सोडताना म्हणायचा, गुरुजी, नाही ऐकलं तर कान पिळा. मला वाटलं हीही तेच सांगते आहे. मी हसून मान हलवली, आणि आपण असे गुरुजी नाही हे दाखवायला मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. आईने हात जोडले. तिला वाटलं, मास्तरला समजलं. मला वाटलं, मला समजलं. दोघंही समाधानाने आपापल्या कामाला लागलो.

मग रेणुबालाला काही विचारलं तर ती नुसती पाहायची. बाकी आठ मुलं दिवाळीपर्यंत वऱ्हाडीत भांडायला लागली, ही गप्पच. मी म्हणायचो, भाषा यायला वेळ लागतो एखाद्याला. देश सुटला, गाव सुटलं, पोर बुजली आहे, बोलेल हळूहळू. किती समंजस होतो मी. निर्वासिताचं मूल म्हटलं की त्याच्या गप्प राहण्याला कारण शोधावं लागत नाही, ते आधीच तयार असतं. हे वाक्य तुझ्या प्रकरणात घालायचं असेल तर घाल, फक्त माझं नाव नको.

पण कवितेला मात्र ती तोंड उघडायची. तो उरलेला स्वर तिचाच.

मला ती बहिरी आहे हे माहीत नव्हतं.

आता ऑक्टोबरातलं सांगतो. अमरावतीचं लग्न आटोपून आम्ही परत येत होतो, अभिराममामा गाडी चालवत होता, तेव्हा कारंज्याला एका ढाब्यावर चहाला थांबलो. गल्ल्यावरचा साठीचा माणूस उठून सरळ माझ्या पायाशी वाकला. धनंजय. त्याच शाळेतला, दुसऱ्या ओळीतला. चहा पाठवण्याआधी विचारतो कसा, "गुरुजी, साखर चालते का शुगर हाय?" मग बाजेवर बसून त्याने ती सागाची कविता म्हणून दाखवली, अख्खी. ट्रकवाले जेवण थांबवून पाहत होते. मी डोळे मिटले होते, हे सांगायला नकोच.

कविता संपल्यावर मी सहज म्हटलं की तुमच्या वेळी शेवटी एक स्वर मागे राहायचा. तो हसला.

"ते रेणू राहे न गुरुजी. तिले कुठं ऐकू ये. मी तिच्या बाजूले बसत होतो, कोपराले बोटानं ताल देओ. थांबाचं आलं की चिमटा. कधी कधी चिमटा राहून जाये."

मी विचारलं, तुला माहीत होतं?

"आमाले सगळ्याईले मालूम होतं. तुमालेच नोतं."

"मग सांगितलं काऊन नाही रे मला?"

मीही त्याच्याच बोलीत घसरलो होतो. तो जरा वेळ फडक्याने बाजेची पाटी पुसत राहिला. मग म्हणाला, "कविता चालू असतानी तुमाले कोन सांगनार? तुमचे डोये मिटलेले राहेत."

रागाने नाही म्हणाला. अगदी प्रेमाने म्हणाला. पुढे त्यानेच सांगितलं की रेणू आहे, हिंगणीच्या बाजूला भावाकडे राहते, जाळी विणते. ढाब्याचे मासे भावाकडूनच येतात. सांगू का तिले, तुमी भेटले म्हणून? मी म्हटलं, सांग, मी भेटायला येतो. पत्ताही घेतला, आपलाही दिला. त्याला आता सात रविवार झाले. एका रविवारी गुडघा, एका रविवारी ऊन, एका रविवारी गॅसवाला येणार होता. तुझा फॉर्म याच रविवारांच्या मधे आला. म्हणजे "एकही नाही" हे मी धनंजयला भेटल्यानंतर लिहिलं आहे.

इथवर लिहून मी थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो होतो. अंगणात पेरूवर पोपट आले होते. अर्धा पेरू खातात आणि टाकतात. जुन्या दिवसांचं मीही असंच करतो. गोड बाजू तेवढी खायची.

वर एक ओळ लिहिली आहे, मला माहीत नव्हतं अशी. ती खोडत नाही. तू ती वाच आणि मग हे वाच.

फेब्रुवारीत तपासणीला साहेब येणार होते. कवितेचे शौकीन अशी त्यांची ख्याती. ज्या शाळेचं समूहगान आवडेल तिला वर्ध्याला कार्यक्रमात म्हणायला नेणार होते. मी दोन महिने तयारी करून घेत होतो. एका दुपारी मनात आलं, मुलांनीही डोळे मिटून म्हणावं, माझ्यासारखं. त्यांनी मिटले. मीच त्या दिवशी उघडे ठेवले, कसे दिसतात ते पाहायला. चाळीस मिटलेले चेहरे, आणि मधे दोन डोळे टक्क उघडे. ती या मुलाच्या ओठांकडून त्या मुलाच्या ओठांकडे पाहत होती, पाखरू दाणे टिपतं तसं. एकेकाच्या तोंडावरून कविता वेचत होती.

मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. "रेणुबाला." पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा जोरात. सगळ्या वर्गाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, तिने नाही. मग धनंजयने तिच्या कोपराला बोट लावलं आणि ती वळली, मला पाहून हसली. मी काही न कळल्यासारखा फळ्याकडे निघून गेलो.

म्हणजे मला माहीत होतं. तपासणीच्या आठ दिवस आधीपासून माहीत होतं.

त्या आठ दिवसांत काय काय करता आलं असतं, याची यादी तू माझ्यापेक्षा चांगली करशील. पुढे बसवता आलं असतं. थांबायची खूण हाताने करता आली असती, एवढीच खूण, हात वर केला की संपलं. वर्ध्याच्या डॉक्टरांना दाखवता आलं असतं. मी तिच्या बापाला बोलावलं आणि मोडक्या हिंदीत सांगितलं की लड़की को भाषा नहीं आती, अगले साल भेजो. खरं कारण माहीत असताना मी त्याला खोटं कारण दिलं, आणि त्याने ते घेतलं. "जी मास्टरबाबू," म्हणाला. दुसरी शाळा मागण्याइतकाही हक्क त्याला आपला वाटत नव्हता. रजिस्टरात मी तिचं नाव कमी केलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: पालकांचे स्थलांतर. निर्वासितांच्या पुढे ते कुणालाही खरं वाटतं.

ते कुटुंब त्यानंतर अकरा वर्षं त्याच बांधाखाली होतं.

तपासणीच्या दिवशी ती आली होती. खिडकीच्या गजांशी उभी. मुलं म्हणाली, शेवटची ओळ झाली, आणि चाळीस आवाज एकदम कापल्यासारखे थांबले. काही उरलं नाही. साहेबांनी शेरेबुकात "उत्कृष्ट" लिहिलं. मी खिडकीकडे पाहिलं तर तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. तो तिने तोंडातच ठेवला होता. कुणी शिकवलं असेल तिला, की हा आवाज नको आहे?

पुढच्या जूनमध्ये कुणी तिला आणलं नाही, आणि मी आणायला गेलो नाही. बाजाराच्या दिवशी ती टोपली घेऊन बांधावर दिसायची. मी मळ्याकडची वाट धरायचो. लांब पडायची, पण तिथे साग होते, आणि मी स्वतःला सांगायचो की मला सागाची वाट आवडते.

तर फॉर्ममध्ये दुरुस्ती कर. निर्वासित मुले: नऊ. चौथी पूर्ण: आठ. दिव्यांग: एक, बहिरेपण. शाळा सोडल्याचे कारण: शिक्षकाने नाव कमी केले. शिक्षकाला दिव्यांगत्व माहीत होते काय, असा रकाना तुझ्या फॉर्ममध्ये नाही. घाल. तिथे "होय" लिही. उत्तर देणाऱ्याचं नाव झाकायची तुमच्यात पद्धत आहे म्हणतेस. मघाशी मीच नाव नको म्हटलं होतं, आता वाटतं की माझं झाकू नकोस.

तुला कविता कुणामुळे आवडायला लागली ते तू सगळ्यांना सांगत असतेस. यापुढे सांगशील की नाही ते माहीत नाही. न सांगितलंस तरी मला कळेल. इतकं कळण्याचं वय झालं आहे.

येत्या रविवारी हिंगणीला नक्की जाईन असं लिहिणार होतो. पण सुरभी आत्ता आत येऊन गेली.

"बाबा, एक बाई आल्या आहेत. एकट्याच. ऐकू येत नाही त्यांना. पाणी दिलं आहे, बसवलं आहे. हातातल्या चिठ्ठीवर तुमचं नाव आणि आपला पत्ता आहे. बाहेर या."

सुरभीला ते ओळखायला दारात एक मिनिटसुद्धा लागलं नाही गं.

पडद्याच्या फटीतून दिसतंय. पांढरे केस, मांडीवर कापडी पिशवी, खुर्चीच्या अगदी कडेला बसली आहे. माझ्या येण्याची वाट पाहून ती थकली असेल आणि शेवटी स्वतःच निघाली असेल. तुला सांगायला मला इतके कागद लागले. हिच्यापुढे त्यातला एकही शब्द कामाचा नाही, आणि दुसरं काही मी आयुष्यात शिकलो नाही.

आज सहीच्या वर आशीर्वाद लिहीत नाही. तो द्यायला तोंड लागतं. आधी बाहेर जातो.

तुझा
नाना