नाक कोरडं असेल तर ये

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस. दार वाजवलं तर आत खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, दार मात्र उघडत नाही. म्हणून लाँड्रीतून इस्त्रीचं काम संपवून आल्या आल्या हा कागद काढलाय. तुमच्या बँडमधला ढोलवाला तो तुझ्या हातात देईल. मला लिहायचा किती कंटाळा आहे ते तुला ठाऊक आहे, तेव्हा अर्धं वाचून उशीखाली सारू नकोस.

भिंगरी बरी आहे. हे आधी सांगते, नाहीतर तू सगळं सोडून तेच शोधत बसशील. दवाखान्यातून घरी येऊन बरेच दिवस झाले. पलंगावरून उड्या मारते, माझा चष्मा लपवते, वर मलाच शोधायला मदत करते. नात माझी, पण गुण सगळे तुझे उचललेत.

डोकं उठवलंय ते लोकांनी. ज्याला त्याला एकच वाक्य येतं, साधी सर्दीच तर आहे. शेजारीण येते, शिंकते, नाकाला रुमाल लावते आणि त्याच हाताने पोरीचा गालगुच्चा घेते. हात धुवा म्हटलं की म्हणते, तुम्ही फार बाऊ करता बाई. बालवाडीत अर्ध्या वर्गाची नाकं वाहत होती. मी तिथल्या बाईंना बोलले, तर म्हणाल्या, मग काय शाळेला कुलूप लावू? लावा म्हटलं, कुलूप मी आणून देते. लेकीने मला दंडाला धरून बाहेर काढलं. आता मी काय वाईट बोलले ते तूच सांग. यांची पोरं सर्दी झाली की बाहीला नाक पुसतात आणि खेळायला पळतात. आमच्या पोरीला दमा. तिची सर्दी नाकात थांबतच नाही. आज शिंकली की उद्या छातीत शिट्टी वाजायला लागते, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, आणि दिवसभर टकळी चालवणारी पोर गप्प होते. ती गप्प झाली की मी दम्याचा निळा पंप घेऊन धावते. हे एकेकाला समजावून माझी जीभ दुखायला लागली.

आणि त्या सगळ्यांत शहाणा तू. डोळे लाल, नाक गळतंय, आणि आलास ट्रंपेट बगलेत मारून. मी गॅसजवळ होते. बाहेर येऊन बघते तर तुझं ट्रंपेट तिच्या तोंडाला. तू नुकतंच वाजवून खाली ठेवलेलं, साधं पुसलेलंसुद्धा नाही. वर मलाच शिकवतोस, फुंकल्याने छाती मजबूत होते, आम्ही सगळे एकाच ट्रंपेटवर शिकलो. शिकलात खरे. आणि एक खोकला की अख्खा बँड खोकायचा, तेही मला चांगलं आठवतंय.

पुढचं तुला माहीत आहे. निळ्या पंपाने उतार पडेना, तेव्हा तिला उचलून दवाखान्यात नेलं. तोंडावर वाफेचा मास्क, शेजारी लेक भिंतीसारखी पांढरी पडलेली, आणि तू दारात फळांची पिशवी घेऊन, रुमालात नाक शिंकरत. मी म्हटलं, आधी नाक पूस, मग माणसांत ये. सगळ्या वॉर्डाने ऐकलं. तू पिशवी बाकावर ठेवलीस आणि गेलास. मी बोलले ते बोलले. परत तसाच आलास तर परत बोलेन. पण त्याचा अर्थ "बरा होऊन ये" होता, "येऊच नकोस" नाही. एवढा मोठा माणूस, एवढं कळू नये?

आता डॉक्टरीणबाईंचं ऐक. मी त्यांच्यापुढे तुझं गाऱ्हाणं मांडत होते, चांगलं रंगवून. त्या म्हणाल्या, आजी, त्या आठवड्यात त्या बालवाडीतली अजून तीन पोरं माझ्याकडे आली होती. सर्दी हिला कुणाकडून लागली ते मला सांगता येणार नाही आणि तुम्हालाही नाही. मला जरा रागच आला, कारण माझं गाऱ्हाणं अर्ध्यावर राहिलं. पण त्या म्हणाल्या ते असं. तुला कळावं म्हणून लिहिलं.

त्यांनी दुसरं जे सांगितलं त्याने मात्र माझा जीव खाल्लाय. रोजचा पंप पोरगी ठणठणीत असली तरी चुकवायचा नाही, म्हणजे पुढची सर्दी छातीला एवढी छळणार नाही. आणि ही बया पंपाच्या नळीचा मास्क बघितला की पलंगाखाली. लेकीने खेळणी दिली, मी डोळे वटारले, दोघींनी मिळून धरूनही पाहिलं. तशी रडायला लागली की औषध हवेतच जातं, छातीत काही पोचत नाही. काल विचारलं, बाई गं, आजोबाकडून कशी घेत होतीस? तर म्हणते, पेंपेंआजोबा सुरू करतो. म्हणजे तू वाजवायच्या आधी ट्रंपेटवर मारतोस तशा नळीवर दोन टिचक्या, भुवया वर, आणि मग दोघांनी बरोबर श्वास. मी टिचक्या मारल्या. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, आजी, भुवया नाही गेल्या वर. नाहीच जात रे. माझ्या भुवया रागवण्यासाठीच केलेल्या आहेत.

ढोलवाला सांगत होता, तू ट्रंपेट पेटीत घालून पलंगाखाली सारलंस, तालमीलाही जात नाहीस, विचारलं तर नको वाटतं म्हणतोस. मी इतके दिवस समजत होते, तू तोंड फुगवून बसलायस. तुझ्या रुसण्याला मी भीक घालत नाही. पण तू घाबरून बसला असशील तर ते मला चालणार नाही. एक घाबरलेली लेक घरात आहे, तेवढी पुरे. म्हणून लिहिते. नाक कोरडं असेल तर उद्या संध्याकाळी ये. कोरडं नसेल तर खिडकीबाहेर उभा राहून काचेवर टिचक्या मार, तेही चालेल, पण ये. ट्रंपेट आणलंस तर स्वच्छ धुऊन आण, आणि ते तुझ्याच तोंडाला राहू दे. भिंगरीने पंप आणि नळी तुझ्या खुर्चीवर मांडून ठेवलीय, कुणाला तिथे बसू देत नाही.

तुझीच,
दारात साबण घेऊन उभी असलेली
धाकटी