कोक-झारच्या अंदाजपत्रकाला मी दिलेली दुवा

कोक-झार, नारीनच्या वरच्या अंगाला
डिसेंबरातला दुसरा शुक्रवार

माझे आदरणीय एशिमकुल मामा,

तुमच्या भाच्याचा, मेदेरचा, उजवा हात छातीवर ठेवून सलाम. (डावा खिशात आहे. थंडीनं त्याची बोटं उघडत नाहीत.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामीचा रक्तदाब उतरला का? जर्दाळूच्या बुंध्यांना चुना लावून झाला असेल. तांबडी गाय व्यायली असेल. कालवड झाली असेल तर आनंद, गोऱ्हा झाला असेल तर अल्लाची मर्जी. माझी तब्येत तुमच्या कृपेनं उत्तम आहे. फक्त झोप लागत नाही, घास उतरत नाही, आणि दाराची कडी वाजली की मी चुलीच्या मागे जातो. बाकी काळजीचं कारण नाही.

एवढं लिहीत बसण्यापेक्षा फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. मामा, इथं फोन लागतो तो फक्त शाळेच्या पायऱ्यांवर, आणि तिथं कायम अर्धं गाव कानाला फोन लावून उभं असतं. अर्ध्या गावासमोर "मला भीती वाटते" असं ओरडून सांगणारा लांडगेमार अजून जन्माला यायचाय. म्हणून लिहितोय. माझी सातवीपर्यंतची अक्षरं तुम्हाला लागतील तशी लावून घ्या.

आता मुळापासून सांगतो. ओशला गाड्या धुवायची नोकरी मी सोडली (पाणी फार गार), मग बेकरीतली सोडली (भट्टी फार गरम), मग बिश्केकला सिमेंटची पोती उतरवायची सोडली (पोती). तेव्हा तुम्ही वैतागून तुमच्या फौजेतल्या दोस्ताला, म्हणजे इथल्या ग्रामपरिषदेचे अध्यक्ष जोल्दोशदादा यांना, गळ घातलीत. त्यांना गावाच्या मेंढ्या लांडग्यांपासून राखायला माणूस हवा होता. तुम्ही सांगितलंत, माझा भाचा घ्या, त्यानं तीन लांडगे मारलेत. मामा, तुमचा हेतू चांगला होता हे मला कळतं. पण रस्त्यावर कुत्रं आडवं आलं तर मी आधी त्याला जाऊ देतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. त्यात नारीनपर्यंत येईतो तीनचे सात झाले, आणि त्यातला एक नुसत्या हातांनी गळा दाबून मारलेला. तो नेमका कुणी घातला, तुम्ही की जोल्दोशदादांनी, हे एकदा निवांतपणी कळवा.

राखणीला आम्ही दोघं होतो. एक मी, लांडगेमार. दुसरा तोक्तोसुन, माझा मदतनीस, पन्नाशीचा, अबोल माणूस. गावाची समजूत अशी की बंदूक मी चालवतो आणि चहा तोक्तोसुन करतो. प्रत्यक्षात उलटं होतं, आणि दोघांनाही ते बरं पडत होतं. चहा मी खरोखर चांगला करतो. तोक्तोसुननं स्वतः तसं म्हटलंय (नऊ महिन्यांत तो आपणहून बोलला ते तेवढंच).

लांडगा मी एकदाच पाहिला, तोही भर दुपारी. मेंढवाड्याच्या कुंपणाबाहेर बसला होता. गुरगुरत नव्हता, दात दाखवत नव्हता. कचेरी उघडायची वाट बघत बसलेल्या माणसासारखा बसला होता, घाई नाही, पण काम झाल्याशिवाय उठणार नाही असा. माझ्याकडे त्यानं एकदा नीट बघितलं आणि मला काय समजायचं ते समजून घेतलं. गावाला नऊ महिन्यांत जे कळलं नाही ते त्याला एका नजरेत कळलं. मग तोक्तोसुन बंदूक घेऊन आला तेव्हा तो उठून गेला, तेही चालत. तेव्हापासून माझी झोप गेली ती गेलीच.

तर मंगळवारी सकाळी परिषदेची अंदाजपत्रकाची बैठक होती. पुढच्या वर्षाला बारा लाख सोम कमी पडतात, तेव्हा काय काय बंद करायचं ते ठरवायचं होतं. पहिली कपात सभागृहाच्या शेगडीची आधीच झाली असल्यामुळे अकराही सदस्य कोट-टोप्यांत बसले होते, आणि जो बोलेल त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. त्यामुळे कोण किती बोलला हे मागूनही दिसत होतं. यादीत चार गोष्टी होत्या: हमामचा बुधवार, रस्त्यावरचे पाच दिवे, बालवाडीतल्या चौतीस पोरांचं दुपारचं गरम जेवण, आणि आम्ही दोघं. आपलं नाव छाटणीच्या यादीत बघून मला किती आनंद झाला म्हणून सांगू. नोकरी मी सोडलेली नाही, नोकरीनं मला सोडलं, तुमचा शब्द खाली पडला नाही, आणि मी अब्रूनिशी जर्दाळूंत परत. मागच्या बाकावर बसून मी मनातल्या मनात सामान बांधायला लागलो.

दिव्यांवर तास गेला, कारण पाचही दिवे कुणा ना कुणा सदस्याच्याच दारात आहेत. हमामचा बुधवार बायकांचा. तो बंद करा म्हटल्यावर बुरुलकान मावशी उठल्या. (या बालवाडीत स्वयंपाक करतात आणि परिषदेवरही आहेत. आवाज मोठा, कढईवरून बोलायची सवय.) त्या म्हणाल्या, "पुरुषांचा शनिवार बंद करा की. तुम्ही तिथं पत्ते खेळायला जाता. अंगाला पाणी लागलेलं तुमच्या बायकांनी तरी पाहिलंय का?" हमाम वाचला.

जेवणाचा विषय निघाला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. चौतीसांतल्या निम्म्याहून जास्त पोरांचे आईबाप रशियात आहेत. पोरं आज्यांकडे राहतात, आणि आज्यांच्या घरी काय शिजतं ते सगळ्यांना माहीत आहे. मावशी या वेळी हळू बोलल्या. "मी काय करू सांगा. बाराला पोरं वाट्या घेऊन रांगेत उभी राहतात. त्यांच्या वाटीत अंदाजपत्रक वाढू का?" सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

मग आमची पाळी. एका सदस्यानं फार सुंदर मुद्दा काढला. म्हणाला, राखणदार असूनही लांडग्यानं मेंढ्या नेल्या असतील तर राखणदार कशाला, आणि नेल्या नसतील तर लांडगेच नाहीत, मग राखणदार कशाला? मी इतक्या जोरात मान हलवली की टोपी नाकावर आली. पण जोल्दोशदादा तुमच्या दोस्तीला जागले. (अशी दोस्ती वैऱ्याला न मिळो.) ते म्हणाले, "नऊ लांडगे मारलेला माणूस मिळालाय आपल्याला, त्याला घालवता?" नऊ, मामा. बैठक सुरू झाली तेव्हा सात होते.

आणि मग दादांनी तोडगा काढला. दोघांची गरजच काय? चहा करणारा काढा. तोक्तोसुनला बालवाडीच्या शेगडीवर घ्या, तिथला माणूस रशियाला गेलाच आहे. त्याचा वाचलेला पगार पोरांच्या जेवणात घाला. सगळ्या मेंढ्या वरच्या मेंढवाड्यात एकत्र ठेवा, गावापासून अकरा किलोमीटर, आणि तिथं वसंतापर्यंत मेदेर एकटा पुरेसा आहे. "काय मेदेर, काही हरकत?" असं म्हणून ते मागे वळले.

हरकत होती. तोंडही उघडलं. पण आवाज आला नाही, घाम आला. त्या हाडं फोडणाऱ्या थंडीत टोपीखालून असा घाम सुटला की डोळ्यांत उतरला. मी टोपी काढली, दोन्ही तळवे कपाळावर ठेवले आणि चेहऱ्यावरून सावकाश हनुवटीपर्यंत खाली आणले. घाम पुसला, मामा. फक्त घाम पुसला.

पण समोर सागिनअली आजोबा बसले होते. वय सत्त्याऐंशी, गावातले सर्वांत थोर, परिषदेत नसतात पण त्यांच्याशिवाय परिषद भरत नाही. दिव्यांच्या विषयापासून ते झोपले होते. त्यांनी नेमका त्या क्षणी डोळा उघडला, माझे तळवे दुवेला फिरवतात तसे चेहऱ्यावरून खाली येताना बघितले, आणि त्यांना वाटलं दुवा सुरू झाली आणि आपण मागे राहिलो. त्यांनी घाईघाईनं हात पसरले. "ठरलंय ते शुभ होवो, वाट मोकळी असो, कळप वाढो." आजोबांचे हात वर गेल्यावर कुणाचे खाली राहतात? अकरा सदस्य, लिहून घेणारी मुलगी, दाराशी उभा तोक्तोसुन, सगळ्यांचे हात वर. आमीन. आणि खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो, सवयीनं मीही हात पसरले आणि पुन्हा चेहऱ्यावरून फिरवले. म्हणजे स्वतःच्या मरणाला मी एकदा चुकून आणि एकदा रीतसर आमीन म्हटलं. हात खाली आले, विषय संपला. मतदान झालंच नाही.

बाहेर दादांनी मला मिठी मारली. म्हणाले, "आम्ही विचारताच तू स्वतः दुवा सुरू केलीस. मामाचं रक्त आहे रे." मी सांगायचा प्रयत्न केला, दादा, तो घाम होता. ते म्हणाले, "उणे पंधरात?" आणि हसत हसत गेले. जाताना एवढं मात्र गंभीरपणे सांगून गेले, की तू मधेच खाली उतरलास तर मेंढ्यांचे मालक पुन्हा दोन माणसं मागतील, आणि मग पहिल्यांदा जेवणच जाईल. तोक्तोसुनची सगळे कीव करतायत. तो शेगडीजवळ पाय लांब करून बसतो. एवढा सुखी माणूस मी पाहिलेला नाही.

शेवटचा उपाय म्हणून बुधवारी आजोबांच्या घरी गेलो. चहा, लोणी, नान पुढे आलं. मी सगळं खरं सांगितलं. आजोबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पोरा, माझ्या बापानं एकदा शर्यतीत भलत्याच घोड्याला दुवा दिली. घोडा हरला. पण दुवा दिलेला घोडा विकायचा कसा? एकोणीस वर्षं त्याला खाऊ घातलं आम्ही." मी म्हटलं, आजोबा, घोड्याला लांडगा नव्हता ना खाणार. ते म्हणाले, "भितोस?" मी म्हटलं, हो. नऊ महिन्यांत पहिल्यांदा कुणाजवळ तरी म्हटलं. ते म्हणाले, "चांगलं आहे. न भिणारा राखणदार झोपतो." आणि काही बोलायच्या आत त्यांनी हात पसरून माझ्या बंदुकीला आणखी एक दुवा दिली. गेलो होतो एक परत करायला, आलो दोन घेऊन.

उद्या सकाळी मला वर जायचंय. बायकांनी कुरुतच्या सुक्या दही-गोळ्यांची पिशवी दिली आहे, दादांनी आपला जुना फौजी कोट. सगळे असे प्रेमानं निरोप देतायत की मला ती रीत ओळखीची वाटते, आणि ती राखणदाराला निरोप द्यायची रीत नाही.

मामीला सलाम. लहानांना गालगुच्चे.

तुमचा भाचा,
मेदेर

ता.क. मुख्य गोष्ट राहिली. पत्र मिळताच जोल्दोशदादांना फोन करा आणि आजी अत्यवस्थ आहे, मेदेरला ताबडतोब पाठवा, असं सांगा. दोन्ही आज्या वारल्याचं त्यांना माहीत आहे, तेव्हा तिसरी कुणी तरी बघा. तुम्हाला अवघड नाही.

ता.क. दुसरं. बर्फामुळे टपालाची गाडी आली नाही, पत्र अजून माझ्याकडेच आहे. मी वर पोचलो. आज दुपारी बुरुलकान मावशी घोड्यावरून जेवणाचा डबा घेऊन आल्या. पोरांनी प्रत्येकी एकेक चमचा आपल्या वाटीतून काढून दिलाय, असं त्या म्हणाल्या. मोजू नका म्हणाल्या, पण चौतीस चमचे डबाभर होतात. तेव्हा आजीला बरं वाटू द्या, फोन करू नका. त्याऐवजी एवढंच करा: काडतूस बंदुकीत कुठून घालतात आणि त्याचं कुठलं टोक पुढे ठेवतात, ते चित्र काढून परतीच्या गाडीनं पाठवा. लवकर. मोठं चित्र काढा, माझे हात फार हलतात.

ता.क. तिसरं. आईला हे पत्र वाचून दाखवाल तेव्हा जिथं जिथं लांडगा आहे तिथं कोल्हा म्हणा.