साठीच्या वरचा नियम

आप्पा, तुमची नात नेपाळला निघाली आहे. एकटी, मोटारसायकलवरून. मागच्या रविवारी ती पुण्याहून नगरला, सावेडीच्या घरी आली, हातमोजे काढत म्हणाली, "आई, मला दोन गोष्टी हव्यात. एक कागद आणि थोडा सल्ला." कागदाचं असं की गाडी माझ्या नावावर आहे. घेतली तेव्हा ती शिकत होती, नाव बदलायचं राहून गेलं. दुसऱ्याच्या नावावरची गाडी सीमेपलीकडे न्यायची तर मालकाचं संमतीपत्र बरोबर असावं म्हणतात. दोन ओळी आणि सही. सारा जन्म शाळेत काढलेल्या बाईला दोन ओळी जड नाहीत. मी पेन हातात घेतलं, आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं सांगू? "एकट्या बाईला तिकडे दुचाकीवर सोडत नाहीत. नियम आहे."

ती हसली. "कुणी काढला हा नियम?" तिनं मोबाईलवर बोट फिरवलं आणि अर्ध्या मिनिटात तो माझ्यापुढे धरला. "कुठं लिहिलंय, दाखव." कुठेच नव्हतं. मी चष्मा पुसत बसले. आप्पा, तुमच्याकडे मोबाईल नव्हता. तुमच्याकडे मी होते.

साखर कारखान्यातल्या फिटरची मुलगी असल्याचं मला कॉलेजातही कधी लपवावं लागलं नाही, इतका तुमच्या कामाचा दरारा होता. गाळप हंगाम संपला की तुम्ही यंत्रं उघडायचात आणि काढलेला प्रत्येक भाग काढला त्याच क्रमानं गोणपाटावर मांडायचात. जोडताना शेवटून सुरुवात. घरची मोटारसायकलही बेलापूरला आपल्या अंगणात तशीच उघडली जायची, आणि त्या दिवशी आईला अंगण झाडायची बंदी. "एक वायसर हललं, तर काय तुज्या केरसुनीवर बसून जाऊ व्हय कामाला?" आई म्हणायची, "जावा की, तिला पेट्रोल लागत न्हाई."

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात तुम्ही सावेडीच्या घरी आलात तो दिवस मला भाकरीच्या पिठासकट आठवतो. तुम्ही बासष्टीचे. गाडीच्या मागे ओल्या हरभऱ्याची पेंढी बांधलेली. मी परातीत पीठ मळते आहे, माझी नणंद ओट्याशी हरभरा सोलते आहे, आणि तुम्ही पाटावर बसून म्हणता, "बाई, नेपाळला जायचं म्हनतो." कारखान्याच्या फाटकावरचा नेपाळी वॉचमन वीस वर्षं तुमच्याबरोबर चहा प्यायला होता. निवृत्त होऊन पोखऱ्याच्या वरच्या अंगाला आपल्या गावी गेला होता आणि या म्हणून पत्र पाठवत होता. मी म्हणाले, रेल्वेनं जा. तुम्ही म्हणालात, "त्याला म्हनलं हुतं गाडीवर येतो. तो हासला. आता जायालाच पायजे."

"आप्पा, गाडीवर कशाला, गरुडावरच बसा की," नणंद म्हणाली. "लोक पाया तरी पडतील."

"गरुडाचं सामान मिळत न्हाई हो ताई नगरला."

तुम्ही हसलात, तीही हसली. मला हसू आलं नाही. तुम्ही सगळी तयारी करून आला होता. मागं नवीन कॅरिअर बसवलं होतं. फक्त कागद कळत नव्हते. "काय काय लागतंय तेवढं हापिसात इचारून ठेव. तू शिकल्याली." त्या वर्षी मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी माझं नाव पुढे होतं, आणि चार दिवसांत सासरकडच्या प्रत्येक घरात गरुडाची गोष्ट पोचली होती. हिचे वडील म्हणे हिमालयात चाललेत फटफटीवर. मी कुठल्याही कार्यालयात गेले नाही. कुणालाही विचारलं नाही. आठ दिवसांनी तुम्हाला फोन केला आणि सांगितलं, साठीच्या वरच्या माणसाला एकट्यानं दुचाकीवर सीमेपलीकडे सोडत नाहीत.

"असा नियम हाय व्हय?"

"आहे."

"मंग ऱ्हायलं," तुम्ही म्हणालात. "सरकार काय उगं नियम करत न्हाई."

कुणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर तुम्ही खोलून बघितलं असतं. मी सांगितलेलं तुम्ही तसंच्या तसं ठेवून घेतलंत.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित हे लिहायला बसले नसते. पुढच्या रविवारी तुम्ही आलात आणि त्या मित्राला पत्र लिहायला मलाच बसवलंत, कारण माझं हिंदी चांगलं. सरकारी नियमामुळे येता येत नाही, हे वाक्य मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, तुमचं एक क्रियापद सुधारलंसुद्धा. उत्तर आमच्या पत्त्यावर आलं. तो माणूस डोंगरावरून एक दिवसाचा प्रवास करून खाली सीमेवरच्या नाक्यावर गेला होता, केवळ विचारायला. त्यानं लिहिलं होतं, मी स्वतः चौकशी केली, असा कोणताही नियम नाही, तुम्ही या.

मी ते पत्र तुम्हाला फोनवर वाचून दाखवलं. त्याची नातवंडं, त्याच्या शेळ्या, यंदाची थंडी, सगळं. तेवढ्या दोन ओळी सोडून. तुम्ही विचारलंत, "आनि नियमाचं काय म्हनतो?" मी म्हणाले, काही नाही, नमस्कार सांगितलाय. तुम्ही म्हणालात, "लई भला मानूस." पुढच्या वेळी आलात तेव्हा गाडीला कॅरिअर नव्हतं. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, अंथरुणात. त्याला कळवायला मला पत्ता शोधावा लागला नसता, पण मी कळवलं नाही. कळवलं असतं तर मला पुन्हा तो नियम आठवला असता, नाहीतर त्यानं त्याची आठवण करून दिली असती.

इतकी वर्षं मी त्याला काळजी म्हणत आले. काळजी नव्हती. तुमचा हात माझ्या ओळखीतल्या कुणाहीपेक्षा पक्का होता. मला तुमची लाज वाटली होती, तीही तुमच्या कामाची नव्हे, तुमच्या हौसेची.

रविवारी लेक म्हणाली, "बरं, नियम सोड. सल्ला दे." मग मी त्या हिवाळ्यात तुम्ही पाटावर बसून बोलला होता ते एकेक सांगत गेले आणि ती लिहून घेत गेली. जादा क्लच केबल पिशवीत ठेवायची नाही, जुन्या केबलला लगटून आधीच ओवून ठेवायची. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची नाही. दुपारी पोटभर जेवायचं नाही, झोप पेट्रोलच्या टाकीवर येऊन बसते. सूर्य कासराभर वर असतानाच मुक्काम शोधायचा. आणि परक्या मुलखात 'हा रस्ता अमक्या गावाला जातो का' असं विचारायचं नाही, कारण भला माणूस होच म्हणतो. 'अमक्या गावाला कुठला रस्ता जातो' असं विचारायचं, म्हणजे त्याला बोट दाखवावंच लागतं.

ती लिहिता लिहिता थांबली. "आई, हे तुला कसं माहीत? तू स्कूटर तीसच्या वर नेत नाहीस."

"आजोबा सांगायचे. त्यांनाही गाडीवर नेपाळला जायचं होतं."

"एवढं सगळं ठरवलं होतं, मग गेले का नाहीत?"

मी म्हणाले, "तब्येत." आणि संमतीपत्रावर सही केली. सोमवारी पहाटे ती मनमाड रस्त्याला लागली. आज पाच दिवस झाले. तुमच्या मित्राच्या गावाचं नाव मला पाठ आहे. तेही मी तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं.

आज दुपारी नाक्यावरून तिचा फोन आला. मागे ट्रकचे हॉर्न, कुणीतरी ओरडत होतं. "आई, सोडलं! पाच मिनिटं लागली. कागद बघितला, शिक्का मारला, झालं." मी म्हणाले, पाणी पी, उन्हात उभी राहू नकोस. तिनं विचारलं, "आवाज असा का येतोय तुझा?" मी म्हणाले, रेंज नाही.

पाच मिनिटं, आप्पा.

हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिते. फोनवर तिचं नाव दिसलं तेव्हा उचलण्याआधी माझ्या मनात एक इच्छा येऊन गेली. तिला परत पाठवलेलं असावं. ती सुखरूप राहावी म्हणून नव्हे. कुठलातरी नियम खरोखर निघावा म्हणून.