हाताच्या मापाचा खिसा

बाबा, तुमच्या हातची चामड्याची केस माझ्याकडे दुरुस्तीला आली आहे. तुमच्याच शिफ्टमधले काका घेऊन आले, क्लबातल्या पूलच्या टेबलावर तुमच्याशी रोज हरणारे आणि रोज पुन्हा हजर होणारे. पूल खेळायची काठी, क्यू, ठेवायची ती लांब केस तुम्ही मरोद्याच्या कंपनी क्वार्टरमध्ये, व्हरांड्यात बसून त्यांच्यासाठी शिवली होती. चामडं अजून धडधाकट आहे. तुमचा एक टाका हललेला नाही. क्यूच्या टोकाला घासायचा खडू ठेवायच्या लहान खिशाची चेन तेवढी गेली आहे, दात झिजलेत आणि निळी भुकटी त्यांच्यात घट्ट बसली आहे. मी बोटानं ती खरवडली आणि मग हात धुवायचं विसरून तशीच बसून राहिले.

तुम्हाला ठाऊक नाही, पण आता माझं पोट याच कामावर चालतं. हुडको वसाहतीतल्या घराची पुढची खोली मी कारखाना करून टाकली आहे आणि आई उठता-बसता म्हणते, "बापाचं याड पोरीले लागलं." रायपूरचे, नागपूरचे खेळणारे माझ्याकडून क्यूच्या केस शिवून घेतात. लोकांना वाटतं, अवघड ती लांब नळी. खरं डोकं खातो तो खिसा. चेन खालून वर बंद होणारी लावली, तर खांद्यावरच्या हिसक्यांनी चेनचा रनर खाली घसरतो आणि खिसा वाटेतच उघडतो. उलटी लावली, तर उघडल्याबरोबर खडू पायाशी. तुम्ही चेनच्या वरच्या टोकाला चामड्याची इवलीशी टोपी शिवायचात आणि रनर तिच्या आत सरकवून ठेवायचात. "रनरले बी घर पाहिजे व," म्हणायचात. माझ्या प्रत्येक केसवर ती टोपी असते. गिऱ्हाईक विचारतात, ही कल्पना कोणाची, तर मी माझीच म्हणून सांगते. बापाचं सांगायला गेले की हातातलं माप चुकतं आणि गिऱ्हाईकासमोर ते बरं दिसत नाही.

काकांची ही केस कापली त्या दिवशी तुम्ही सकाळच्या ड्यूटीवरून आला होता. मी फरशीवर शाळेचा नकाशा रंगवत होते. तुम्ही चामडं पसरता आणि मला हाक मारता, "हात ठेव यावर, माय. माहा पंजा ठेवला तं अख्खी केस खिसाच होऊन जाईन." मी विचारते, खडू एवढासा, मग हात कशाला? "खिसा वस्तूच्या मापानं नाही कापत. अंदर जाते कोन? हात. खडू तं मंग येते." माझ्या बोटांभोवती तुम्ही पेन्सिल फिरवता, मला गुदगुल्या होतात आणि मी हात हलवते. तुम्ही रागावता, "हालू नोको! कापड माफ करते, चामडं नाही करत. एक डाव भोक पडलं का पडलं." मग मी श्वाससुद्धा रोखून धरते.

आणि एवढं सगळं तत्त्वज्ञान सांगून तुम्ही खिसा कापला तो थेट पोरीच्या हाताच्या मापाचा. वाढवायचं विसरूनच गेलात! काकांची दोन बोटं आत गेली आणि अडकली. "कावून बे," ते म्हणाले, "खिसा माह्यासाठी केला का पोरीच्या बावलीसाठी?" तुमचा चेहरा असा पडला की आईनं हसू लपवायला तोंडाला पदर लावला. तुम्ही लगेच उसवायला निघालात, तर काकांनी केस काखेत मारली. दोन बोटांनी खडू निघतो म्हणाले. "रिटायर झालो का मोठा करून देतो," असा तुम्ही शब्द दिलात. रिटायर व्हायला तुम्ही राहिलाच नाहीत.

दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत तुम्ही माझा हात धरायचात. एका दुपारी तुम्ही माझी बोटं एकेक करून पसरलीत, तळव्याच्या कडेनं अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "वाढला व तुहा हात. आता तुह्या मापानं कापलं तं बरोबर बसन." मला वाटलं, तापात बरळताय. झोपा बाबा, म्हणाले मी.

काकांची बोटं आता वाकत नाहीत. "बेटा, खिसा मोठा करून दे," म्हणाले, "क्लबात जाऊन बसावं म्हणतो. खेळणं नाही होत, पर खडू तं लावता येते." म्हणजे मला तुमचे टाके कापायचे आहेत आणि त्या पेन्सिलीच्या रेघेच्या बाहेर सुरी न्यायची आहे. शब्द तुमचाच आहे, माप तुम्हीच सांगून गेलात, मी नाही तर कोण करणार? हे सगळं मला कळतं. सकाळी मी खिशात हात घालून पाहिला. बोटांच्या सांध्यांशी अडला. त्याच्या पुढे जाईल असा हात फक्त त्या पोरीचा, नकाशा रंगवणारीचा, आणि तिला हाक मारणारं माणूस घरात होतं. तो खिसा कापला की तुम्ही माझा हात धरून काढलेली रेघ या जगात कुठेच उरणार नाही. मला ते सोसत नाही, बाबा.

काका एक दिवसाआड येतात, दारातूनच विचारतात, "आली का चेन?" मी म्हणते, नाही हो काका, रायपूरहून निघाली आहे, वाटेत कुम्हारीजवळ जाम लागला असेल. ते बिचारे मान हलवतात आणि आपली दुखरी बोटं चोळत परत जातात.

या कागदाला पत्ता नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. चेन आली आहे, बाबा. केव्हाच आली आहे.