परीच्या उशीला खिसा

मंगळवार, ४ मार्च
मार्नीचा वरचा पुढचा दात हलतो आहे. रोवेनाने बोट लावून खात्री केली. शुक्रवारपर्यंत पडेल म्हणाली. बायको दातांच्या दवाखान्यात फोन उचलते, तेव्हा तिचा शब्द मानायला हवा.

पोरीचा पहिला दात पडला तेव्हा मी बोटीवर होतो. दात पाण्याच्या पेल्यात ठेवला, रात्री दंतपरी तो घेऊन बदल्यात नाणं ठेवून गेली, मला फक्त फोटो दिसला. या वेळी हजर राहणार. शिवाय परीसाठी छोटी उशी स्वतः शिवणार; वर खिसा, खिशात दात. मार्नीला शब्द दिला. तिने करंगळी पुढे केली, मी अडकवली. आता माघार नाही.

सासूबाईंचा फोन. तासाभरात शिवून देते म्हणाल्या. नम्रपणे नकार. एकोणीस वर्षं स्मोकी बेच्या खाडीत कालवं वाढवायच्या जाळीच्या पिशव्या शिवतोय. उशी ती काय!

बुधवार, ५ मार्च
दिवस कापड निवडण्यात गेला. निवड म्हणजे निम्मं काम. रोवेनाचा निळा झगा जुना वाटला. जुना नव्हता. या विषयावर जास्त लिहीत नाही.

गुरुवार, ६ मार्च, दुपार
माझा जुना पोहायचा रबरी सूट कापला. गुडघ्याचा भाग उत्तम निघाला. सुई पिशव्यांची, दोराही पिशव्यांचाच. हात आपोआप चालला. टाके एकसारखे, बोटबोट अंतरावर.

आमच्या कालवांच्या शेडमध्ये कामाला असलेला केल्विन बघून गेला. "साहेब, यातून पाणी झकास खेळेल," म्हणाला. जाणकाराची दाद वेगळीच असते.

मार्नीने विचारलं, उशीला कालवांचा वास का येतो. म्हटलं, परीला पत्ता सापडावा म्हणून. पटलं तिला.

शुक्रवार, ७ मार्च
दात शाळेत पडला, सँडविच खाताना. म्हणजे हजर कोणीच नव्हतं, सँडविच सोडून. तरी खिशात ठेवतानाचा फोटो मी काढला.

पाच वाजता खिसा रिकामा.

मधल्या वेळात मार्नीने उशी शेजारी दाखवली, मग अंगणात कोंबड्यांना दाखवली. पिशवीला आपण अंतर ठेवून टाके घालतो ते पाणी वाहावं आणि बारीक कालवं गळून जावीत म्हणून. दात बारीक मापाचा निघाला. शिवण निर्दोष होती.

अंगणात आम्ही कालवांच्या शिंपल्यांचा चुरा पसरलेला. सगळा पांढरा, सगळा दाताएवढा. रांगत रांगत चौदा दात शोधले. रोवेनाने चौदाही नापास केले. "अरे, हा शिंपला आहे. हाही शिंपला. हा कोंबडीचा प्रसाद आहे." दवाखान्यात काम केल्याने माणूस संशयी होतो.

मार्नी पायरीवर बसून रडली. दात नाही तर परी कशाला येईल, म्हणाली. तिचं ते बोळकं थरथरताना बघवेना. पंधरावा शोधायला गेलो.

शनिवार, ८ मार्च
मार्नीने परीला चिठ्ठी लिहिली. रोवेनाने वाचून दाखवली:

"प्रिय परी, माझा दात अंगणात आहे. तो शिंपल्यासारखा दिसतो, नीट बघ. डॅडला रागावू नकोस. त्याला कालवांचंच येतं."

चिठ्ठी पेल्यात ठेवली आहे, या वेळी पाण्याशिवाय. परी समजून घेईल असं रोवेनाचं मत. परीच्या बाजूने उत्तर तीच लिहिणार आहे. माझं अक्षर मार्नी ओळखते म्हणे.

उशी वाया गेलेली नाही. केल्विनने गुडघ्याखाली घ्यायला मागून नेली.

शेजारचा दात हलू लागला आहे. पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे, असा रोवेनाचा अंदाज. नव्या उशीसाठी सासूबाईंना बोलावणं गेलं आहे. मार्नी गळ्यात पडून म्हणाली, "डॅड, त्या दिवशी तू बोटीवर जाशील ना? प्लीज?"

माझ्या कामाची पोरीला किती काळजी. करंगळी पुढे केली तिने. अडकवली.