भिंतीवरची की टेबलावरची

कुणकेश्वर
१६ एप्रिल २०२५

चि. सौ. अनुजास, दादाचे आशीर्वाद. वि. वि.

आज आईचं दुसरं मासिक झालं. भटजी सातला आले, नऊला गेले. शेजारच्या सुगंधाकाकूंनी वडे करून दिले. मी रजा टाकली होती, तरी दुपारी शाळेच्या ऑफिसात जाऊन दाखल्यांवर शिक्के मारून आलो. घरात बसवेना.

तू पाठवलेल्या फ्रेमचं फोनवर विचारलंस. आई त्यात नातीचे, इशिताचे फोटो बघून खूष असायची. नाचाचा तर फार आवडला होता. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
श्रीपाद

वडोदरा
२४ एप्रिल २०२५

ती. दादास, अनुजाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. तारीख, शेरा, शिक्का, संपलं. आईबद्दल अजून चार ओळी लिहिल्यास तर शाई संपणार नाही.

एक काम आहे. कणकवलीला सासूबाई आता एकट्याच असतात. आईला पाठवली होती तशीच डिजिटल फ्रेम त्यांनाही घ्यायची आहे. इथून मोबाइलवरून टाकलेला फोटो तिथे लगेच दिसतो, हे ह्यांना फार पटलंय. भिंतीवर टांगायची घेऊ की टेबलावरची? आठ इंची पुरते की दहा? आईला काय सोपं गेलं, ते तूच सांगू शकशील. कुठल्या फोटोपाशी ती जास्त रेंगाळायची तेही लिही. नऊ महिने रोज एक फोटो टाकलाय रे. शेवटी मला येता आलं नाही, पण ती रोज आम्हाला बघत होती, एवढ्यावरच इथे घास उतरतो.

तुझा लोभ आहेच, तो जरा कागदावरही उतरू दे.

तुझी,
अनुजा

कुणकेश्वर
३ मे २०२५

चि. सौ. अनुजास, आशीर्वाद.

हे फोनवर सांगवलं नसतं. पहिला दिवस सोडला तर आईने तुझे फोटो बघितलेच नाहीत.

तू दोन फ्रेमी दाखवल्या होत्यास. भिंतीवरची मीच निवडली. माजघरात प्लगचं बटण बाबांच्या फोटोशेजारी, म्हणून तिथेच खिळा ठोकला. आजी, आजोबा, बाबा, सगळे हारातले, आणि त्यांच्या ओळीत इशिता हसत होती. दिवा लावायला आलेली आई म्हणाली, "जित्या चेडवाक ह्यांच्या रांगेत कित्याक टांगलंस रे? उतरय आधी." जिवंत पोरीला गेलेल्यांच्या रांगेत टांगलं, तिचं बरोबरच होतं. मी रागाने उतरवली आणि माझ्या खोलीत टेबलावर भिंतीला टेकवून उभी केली. दुसऱ्या दिवशी लांब वायर आणून तिच्या खाटेजवळ ठेवायची, एवढंच काम होतं.

ते मी केलं नाही. शाळेतून आलो की दार लोटून मीच बघत बसायचो. आईने विचारलं तेव्हा बिघडली म्हणून सांगितलं. आठ-पंधरा दिवसांनी ती परत विचारायची, बरी झाली काय रे ती? आजारी माणसाची चौकशी करावी तशी. मी सांगायचो, दुरुस्तीला दिलीय.

तिचं न्हाणं, औषधं मी करायचो आणि तिच्या तोंडी नाव तुमचं, याचा मला राग होता. हे लिहितानाही लाज वाटते. पण त्याहून खरं म्हणजे, ती फ्रेम मला हवी होती. नाचाचा फोटो आवडला तो मला.

सासूबाईंना टेबलावरची घे. दहा इंची.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.

श्रीपाद

वडोदरा
१२ मे २०२५

दादा,

आज नमस्कार लिहायला जमत नाही. तुझं पत्र ह्यांना दाखवलेलं नाही.

मी दर रविवारी आईला फोनवर विचारायचे, फोटो दिसले का. ती म्हणायची, "बघतंय गो, रोज बघतंय." बिघडली असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी त्याच आठवड्यात दुसरी पाठवली असती, आणि तुला खडसावून विचारलं असतं. हे दोन्ही तिला कळत होतं. ती कोणाला सांभाळत होती, ते तूच बघ.

नवी फ्रेम घेत नाही. हीच सासूबाईंना नेऊन दे. टेबलावर उभी राहते ना, मग झालं. स्वतः जा, कोणाबरोबर पाठवू नको.

अनुजा

कुणकेश्वर
२१ मे २०२५

चि. सौ. अनुजास, आशीर्वाद.

काल एसटीने कणकवलीला जाऊन आलो. फ्रेम सासूबाईंच्या खाटेसमोर टेबलावर ठेवली, त्यांच्या नेटला जोडली. इशिताचा फोटो आला तसा त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, तुझ्या आईलाही असाच दिसायचा ना? मी नाही म्हणालो. का, तेही सांगितलं. त्या चहा ठेवायला उठल्या. मी थांबलो नाही.

आई तुला तसं सांगत होती हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, घरात खोटं बोलणारा मी एकटाच. मी तिलाही खोटं बोलायला लावलं. बरी झाली काय रे, असं ती मला विचारायची, तेव्हा सगळं ठाऊक असूनच विचारत होती. दर वेळी मला खरं सांगायची संधी होती.

उत्तराची घाई नाही. रागाने लिहिलंस तरी लिही.

श्रीपाद

ता. क. आजचं टपाल गेलं. हे उद्या पेटीत टाकतो. रात्रीचा माझ्यापुरता भात लावायचा आहे, एक वाटी तांदूळ निवडायला घेतो.